मे महिन्याची माशी आणि मृगाचा किडा

जुलै महिन्यातली गोष्ट. पालघर तालुक्यातल्या एका शाळेत शिक्षकांसाठी दोन दिवसांची कार्यशाळा होती. रात्री जेवणे झाल्यावर आम्ही व्हरांड्यातल्या दिव्याजवळ एक पांढरी चादर टांगली आणि तिच्यावर काय काय येऊन बसते ते पाहत बसलो. पावसाळ्यात अशा चादरीवर जत्राच भरते. पंख फुटलेली वाळवी, पतंग, भुंगेरे, तुडतुडे, चिलटे. त्या गर्दीत एक नाजूक, अर्धपारदर्शक पंखांचा किडा येऊन बसला. बसल्यावर त्याने पंख अंगावर पसरले नाहीत, की माशीसारखे पाठीवर आडवे ठेवले नाहीत. होडीचे शीड उभारावे तसे ते सरळ उभे धरले. शरीराच्या मागच्या टोकाला शरीराहून लांब असे तीन केसासारखे धागे होते.

नववीतला एक मुलगा आमच्यात येऊन बसला होता. त्याने जवळच्या इंग्रजी पुस्तकातले चित्र ताडून पाहिले आणि म्हणाला, "सर, हा मेफ्लाय आहे."

"बरोबर."

"पण सर, आता तर जुलै चाललाय."

सगळे हसले. पण एक बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारले, "याला मराठीत काय म्हणायचं? मुलांना 'मे-माशी' असं सांगू का?" आम्ही शाळेच्या शिपाईमामांना विचारले. ते याच भागातले, जन्म शेतात गेलेला. त्यांनी चादरीकडे पाहिले आणि सांगितले, "पाखरू. दुसरं काय?"

मुलाची शंका, बाईंचा प्रश्न आणि मामांचे उत्तर या तिन्हींत एक चांगला धडा दडलेला आहे, असे आम्हाला तेव्हापासून वाटत आले आहे. तो इथे मांडतो.

आधी हा प्राणी कोण ते पाहू. शास्त्रीय वर्गीकरणात त्याचा गण एफेमेरॉप्टेरा. जगात याच्या साडेतीन हजारांहून अधिक जाती माहीत आहेत. पंख असलेल्या कीटकांच्या सर्वांत जुन्या शाखांपैकी ही एक. पंख पाठीवर आडवे दुमडण्याची सोय पुढे इतर कीटकांत आली, ती याच्याकडे नाही. म्हणून ते उभे शीड. याचे खरे आयुष्य पाण्यात जाते. ओढ्यातला दगड उलटा करून पाहिला तर त्याच्या खालच्या बाजूला चिकटलेली चपटी पिल्ले दिसतात. पोटाच्या दोन्ही बाजूंना पानांसारखे किंवा पिसांसारखे कल्ले असतात. शास्त्रीय पुस्तकांत या पिल्लांना निम्फ म्हणतात. काही आठवड्यांपासून दोन-तीन वर्षांपर्यंत, जातीप्रमाणे आणि पाण्याच्या तापमानाप्रमाणे, ती पाण्यात वाढतात. मग एका संध्याकाळी पृष्ठभागावर येऊन कात टाकतात आणि उडतात. पण हे उडणारे रूप अजून पुरते प्रौढ नसते. जवळच्या पानावर किंवा भिंतीवर बसून ते पुन्हा एकदा कात टाकते. पंख फुटल्यावरही कात टाकणारा कीटकांतला हा एकमेव गण. प्रौढाचे तोंड निकामी असते, अन्ननलिकेत हवा भरलेली असते. खाणे नाही, पिणे नाही. जोडीदार शोधायचा, मादीने पाण्यात अंडी घालायची आणि मरायचे. हे सगळे काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत आटोपते.

याचे सर्वांत जुने नाव या अल्पायुष्यावरूनच पडले आहे. अ‍ॅरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात काळ्या समुद्राकडच्या हिपॅनिस नदीबद्दल लिहून ठेवले आहे. उन्हाळ्यात दिवस सर्वांत मोठा होतो त्या सुमारास या नदीतून द्राक्षाहून थोड्या मोठ्या पिशव्या वाहत येतात, त्या फुटून पंखवाला प्राणी बाहेर पडतो, संध्याकाळपर्यंत उडतो आणि सूर्य मावळताना मरतो. म्हणून त्याचे नाव 'एफेमेरॉन', म्हणजे एका दिवसाचा. त्याने या प्राण्याला चार पाय आहेत असे नोंदवले आहे, ते चूक. पण चूक का झाली असावी हे बसलेला मेफ्लाय पाहिल्यावर कळते. कित्येक जाती पुढचे दोन पाय हवेत समोर ताणून धरतात आणि चारांवरच उभ्या राहतात! लिनिअसने १७५८ साली 'एफेमेरा' ही प्रजाती नोंदली ती याच जुन्या शब्दावरून.

हे झाले पंडितांचे नाव. नदीकाठी राहणाऱ्यांची नावे निराळी आहेत, आणि ती अधिक बोलकी आहेत. हॉलंडमधल्या कोळ्यांनी याला काठावरचे आमिष अशा अर्थाचे नाव दिले होते. यान स्वामरडॅमने १६७५ साली या कीटकावर एक आख्खे पुस्तक लिहिले, त्यात ते नाव येते. फ्रान्समध्ये रेओम्यूरने पॅरिसजवळ १७३८ च्या ऑगस्टमध्ये नदीवरचे यांचे थवे पाहिले, इतके की हातातल्या मशालीभोवती बर्फ पडत असल्यासारखे वाटावे. तिथले मासेमार त्याला 'मान' म्हणत. बायबलमधल्या कथेत वाळवंटात भुकेल्या लोकांसाठी आकाशातून अन्न पडले, त्या अन्नाचे हे नाव. अन्न माशांसाठी, आणि माशांमुळे मासेमारांसाठी. हंगेरीत तिसा नदीवर जूनमध्ये लाखोंनी उडणाऱ्या मोठ्या जातीला 'तिसाचे फूल' म्हणतात, आणि क्षणभर टिकणाऱ्या कोणत्याही गोष्टीला तिकडे 'तिसाच्या फुलाच्या आयुष्याची' असे विशेषण लावतात. उत्तर अमेरिकेत काही भागांत हा 'शॅडफ्लाय' आहे, शॅड नावाचे मासे नदीत चढतात त्या हंगामातला. ईरी सरोवराच्या अमेरिकेकडच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या काठावर लोक याला 'कॅनेडियन सोल्जर' म्हणतात, कारण थवे सरोवर ओलांडून पलीकडच्या कॅनडातून चालून आल्यासारखे दिसतात. एकच कीटक, कोणाला आमिष, कोणाला अन्न, कोणाला फूल, कोणाला शत्रूची पलटण.

इंग्लंडात मात्र नाव पडले ते महिन्यावरून. १६५३ साली आयझॅक वॉल्टनने गळाने मासे धरण्यावर लिहिलेले पुस्तक प्रसिद्ध आहे. मेफ्लाय हे नाव त्यात येते, ते गळाला लावायचे आमिष म्हणून. पण आज इंग्लंडमधल्या त्या नद्यांवर जाऊन उभे राहिले, तर मोठ्या जातीच्या मेफ्लायचा हंगाम मे महिना संपत येताना रंगात येतो आणि जूनमध्ये बराच लांबतो. मग नाव 'जून-फ्लाय' का नाही?

इथे इतिहासाला थोडा वळसा घालावा लागतो, आणि तो वळसा आपल्या तारापूरवरून जातो.

रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला ती इंग्रजी तारीख आपण ६ जून १६७४ अशी देतो. ही तारीख मुंबईच्या इंग्रजांच्या दिनदर्शिकेतली. त्या सोहळ्याला त्यांचा वकील हेन्री ऑक्झेंडन हजर होता. पण त्या काळी इंग्रज जुनी, ज्युलियन दिनदर्शिका वापरत. पोर्तुगीजांनी नवी, ग्रेगोरियन दिनदर्शिका १५८२ मध्येच स्वीकारली होती, आणि पुढच्याच वर्षी ती गोव्यात लागू झाली. दोहोंत तेव्हा दहा दिवसांचे अंतर होते. वसईपासून केळवे-माहीम, तारापूरपर्यंतचा किनारा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता; १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत तो मराठ्यांकडे आला. म्हणजे ज्या दिवशी मुंबईच्या वखारीत ६ जून होता, त्याच दिवशी तारापूरच्या किल्ल्यात १६ जून होता! सूर्य एक, पाऊस एक, तारखा दोन. मधे एक दिवसाचीही बोट लागत नव्हती.

आता इंग्लंडकडे वळू. वॉल्टनच्या काळचा १५ मे हा आजच्या हिशेबाने २५ मे. म्हणजे त्याच्या मेफ्लायचा भर मे महिन्याच्या ऐन मध्यावर येत होता. नाव अगदी चपखल होते. १७५२ साली इंग्लंडने दिनदर्शिका बदलली. २ सप्टेंबरनंतरचा दिवस १४ सप्टेंबर धरला आणि अकरा तारखा गाळल्या. माणसांच्या तारखा पुढे सरकल्या. पाण्यातल्या पिल्लांना कोणी कळवले नाही. पाण्याची ऊब आणि दिवसाची लांबी पाहून ती पूर्वीच्याच वेळी वर येत राहिली, आणि आपल्याच नावाच्या महिन्यातून थोडी बाहेर पडली.

असे आपल्याकडे घडले आहे का? घडले आहे, आणि अजून घडते आहे. त्यासाठी 'मृगाचा किडा' पाहू.

पहिल्या पावसाने जमीन भिजली की मातीतून लाल मखमलीचे तुकडे चालत बाहेर येतात. सेंटिमीटरभर लांब, स्पर्शाला मऊ, बोट लावले की पाय पोटाशी घेऊन गप्प. काडेपेटीत गवताचे पान घालून तो सांभाळला नाही असा महाराष्ट्राच्या खेड्यातला माणूस विरळा. शेतकरी त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो. मृगाचा किडा दिसला, म्हणजे ओल खाली पोचली. भाजलेल्या राबावर भाताचे बी पडायची वेळ आली, किंवा पडले असेल तर ते रुजेल असा भरवसा आला. हे नाव शोभेचे नाही, कामाचे आहे.

व्यवहारात 'किडा' म्हटले तरी हा कीटक नव्हे. पाय मोजायला सांगा, आठ भरतील. कोळी, विंचू, गोचीड यांच्या वर्गातला हा माइट. त्याची पिल्ले सहा पायांची असतात आणि इतर कीटकांच्या अंगावर चिकटून त्यांचे रस शोषतात. मोठेपणी तो मातीत राहतो आणि पावसानंतर थोडा काळ वर येतो. त्याच सुमारास वाळवीची पाखरे बाहेर पडतात. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या याच्या मोठ्या भाईबंदाचा अभ्यास झाला आहे. पाऊस पडल्यावर तो वर येतो ते वाळवीवर ताव मारायलाच, आणि वर्षातले त्याचे उघड्यावरचे आयुष्य काही तासांचेच भरते.

तर नाव मृगाचे. हा मृग म्हणजे सूर्याचे मृग नक्षत्र. सूर्य सध्या ७ किंवा ८ जूनला मृगात शिरतो. कोकणात पावसाच्या आगमनाशी हे छान जुळते. हवामान खात्याने २०२० मध्ये सुधारलेल्या तक्त्यात मुंबईला मान्सून पोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. परंतु नक्षत्रांच्या हिशेबाचे वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठे असते. ७२ वर्षांत एक दिवस साठतो. शिवकाळात मृग आजच्या दिनदर्शिकेने जूनच्या ३ तारखेच्या आसपास लागत होता. दीड-पावणेदोन हजार वर्षे मागे गेलो तर तो मेच्या मध्यावर, ऐन उन्हाळ्यात, लागलेला दिसेल. म्हणजे 'मृग लागला की पाऊस' हे समीकरण आजच्याइतके नेटके नेहमीच नव्हते, आणि आणखी हजार वर्षांनी मृग जून संपत येताना लागेल. किडा मात्र पंचांग पाहत नाही. तो ओल पाहतो.

शेजारी काय म्हणतात तेही पाहण्यासारखे आहे. तेलुगू भाषेत हाच प्राणी 'आरुद्र पुरुगु', म्हणजे आर्द्रा नक्षत्राचा किडा. एक नक्षत्र पुढे! हिंदीत तो बीरबहूटी. ओडिया भाषेत 'साधब बोहू', सावकाराची सून. लाल शालू नेसलेली. संस्कृतात 'इंद्रगोप'. रामायणातल्या पावसाळ्याच्या वर्णनात हिरव्या गवतावर ते विखुरलेले दिसतात, बृहदारण्यक उपनिषदात तर परमपुरुषाच्या रूपाला दिलेल्या उपमांत विजेच्या आणि पांढऱ्या कमळाच्या पंक्तीत इंद्रगोप बसला आहे. आणि या उपनिषदाचे इंग्रजी भाषांतर करताना, १८८४ साली, माक्स म्युलरसारख्या पंडिताने इंद्रगोपाच्या जागी काय घातले? कोचिनील. हा अमेरिका खंडातल्या निवडुंगावर वाढणारा, लाल रंग देणारा कीटक. उपनिषद रचणाऱ्याने तो पाहिलेला असणे शक्यच नाही. मोनिअर-विल्यम्सच्या कोशात इंद्रगोपाचा एक अर्थ कोचिनील आणि दुसरा चक्क काजवा आहे. पावसाळ्यात देशातल्या कोणत्याही गुराखी पोराने जे बोटाने दाखवले असते, ते कोशात हरवले.

भाषांतर करताना प्राण्याऐवजी शब्द पाहिला की असे होते. त्या बाई मुलांना 'मे-माशी' सांगायला निघाल्या होत्या, तिथे नेमका हाच धोका होता. फक्त दिशा उलटी.

मे महिन्यात पालघरकडचे बहुतेक ओहोळ आटलेले असतात. कुठे डोहात पाणी असेल तर असेल. सूर्या नदीत धामणीच्या धरणातून सोडलेले पाणी वाहते तेवढेच. 'मे-माशी' हे नाव ऐकून मुलगा मे महिन्यात ओढ्यावर गेला, तर त्याला तापलेले दगड दिसतील. आणि जुलै ते डिसेंबर, जेव्हा दगड उलटला की खाली काहीतरी वळवळते, तेव्हा तो बघणारच नाही, कारण नावाने त्याला सांगितले आहे की ही वेळ नव्हे.

मग आपल्याकडे या किड्याला ठसठशीत नाव का पडले नाही? मामा नुसते 'पाखरू' म्हणाले, ते अज्ञान नव्हे. थंड देशांत हिवाळ्यामुळे सगळ्या पिल्लांची वाढ एकदम थांबते आणि एकदम सुरू होते, त्यामुळे ती एकाच पंधरवड्यात वर येतात. लाखोंचा थवा उठतो, मासे उसळतात, मासेमार धावतात. असा सोहळा दरवर्षी ठरल्या वेळी झाला की नाव पडतेच. उष्ण कटिबंधात पाणी बाराही महिने कोमट. बहुतेक जातींची पिल्ले निरनिराळ्या वयाची, आज चार उडाली, उद्या सहा. दिव्यावर आली तरी वाळवीच्या झुंडीत हरवतात. जे कामाला येत नाही आणि वेळ पाळत नाही, त्याला लोकभाषा वेगळे नाव देण्याचे कष्ट घेत नाही. हाच न्याय मृगाच्या किड्याला लावून पाहा: तो वेळ पाळतो, आणि कामाला येतो.

अपवाद आहेत. पूर्व आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात लाकडात भोके पाडून राहणारी एक जात आहे. विषुववृत्तावर ना हिवाळा ना उन्हाळा, तरीही ती एकदम वर येते. १९५५ मध्ये हार्टलँड-रो यांनी 'नेचर'मध्ये दाखवून दिले की तिचे थवे पौर्णिमेनंतर दोन दिवसांच्या आसपास उठतात. तिला मराठी नाव द्यायचे झाले तर 'वद्य द्वितीयेची माशी' असे द्यावे लागेल!

नावाचा एवढा खल कशासाठी, असे कोणी विचारील. त्याला कारण आहे. तारापूर हे नाव देशात दोन गोष्टींसाठी माहीत आहे. १९६९ साली सुरू झालेले अणुवीज केंद्र ही एक. दुसरी बोईसरला लागून असलेली औद्योगिक वसाहत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात २०१८ साली तारापूरला ९३.६९ गुण मिळाले आणि ते देशात सर्वांत वर आले. या परीक्षेत जास्त गुण म्हणजे वाईट. अशा भागात शाळेला आपल्या जवळच्या ओढ्याबद्दल काही स्वतःचे मत बनवायचे असेल तर काय साधन आहे? बाटलीतल्या पाण्याची रासायनिक तपासणी महाग, आणि ती त्या एका घटकेचे पाणी सांगते. रात्री काही सोडले आणि सकाळी वाहून गेले तर बाटलीला पत्ता नाही. दगडाखालचे पिल्लू मात्र महिनोन् महिने त्याच पाण्यात श्वास घेत असते. ते तिथे आहे किंवा नाही, हीच साक्ष.

ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीस याच तत्त्वावर गुण देण्याची पद्धत बसवली गेली, आणि आपल्या केंद्रीय मंडळानेही तिचा आधार घेतला आहे. तीत दगडाला चिकटणाऱ्या चपट्या मेफ्लाय-पिल्लांच्या कुळाला दहापैकी दहा गुण आहेत, पण माशासारख्या पोहणाऱ्या लहान बीटिडी कुळाला चारच. हा फरक शिक्षकांनी जपावा. 'मेफ्लाय सापडला म्हणजे पाणी शुद्ध' असे सरसकट विधान आम्ही पुष्कळदा ऐकतो. ते चूक आहे. थोडी घाण सोसणारे भाऊबंदही त्यात आहेत. कोणते पिल्लू सापडले ते महत्त्वाचे.

ईरी सरोवराची 'कॅनेडियन सोल्जर' मंडळी या बाबतीत काय सांगून गेली ते पाहा. १९५३ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस वारा पडला, सरोवराच्या पश्चिम भागात तळाच्या पाण्यातला ऑक्सिजन संपला, आणि चिखलातली पिल्ले मोठ्या संख्येने मेली. वरून येणारी घाण वाढतच होती, त्यामुळे ती पुन्हा सावरली नाहीत. रस्त्यावर फावड्याने ओढावे लागणारे थवे दिसेनासे झाले. १९७२ मध्ये अमेरिका आणि कॅनडा यांनी सरोवरे सुधारण्याचा करार केला, आणि १९९० च्या दशकात थवे परतले. मधली चाळीस वर्षे त्या काठावर नाव होते, माशी नव्हती. पण नाव होते म्हणून तर म्हाताऱ्या माणसांना काय गेले ते सांगता येत होते. आपल्याकडे ओढ्यातून हे 'पाखरू' नाहीसे झाले तर कोण म्हणणार, काय नाहीसे झाले?

कार्यशाळेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सूर्येच्या काठी, मासवणच्या वरच्या अंगाला गेलो. पाणी गढूळ होते, नदीत उतरण्यासारखे नव्हतेच. म्हणून बाजूच्या लहान ओहोळातले दगड उलटले. तिसऱ्याच दगडाखाली चपटे पिल्लू मिळाले. बाईंनी वहीत रकाने आखले: तारीख, नक्षत्र, तिथी, कुठला दगड, शेपटीचे धागे किती, कल्ले कसे. पहिल्या रकान्याच्या डोक्यावर नाव काय लिहायचे यावर मुलांची थोडी भांडणे झाली. शेवटी 'उभ्या पंखाचं पाखरू' असे लिहून खाली बारीक अक्षरात 'मेफ्लाय' लिहिले. मामांनी ते वाचून मान डोलावली.

तिथीचा रकाना त्या नववीतल्या मुलाच्या आग्रहाने आला. व्हिक्टोरिया सरोवराची गोष्ट त्याला फारच आवडली होती. डिसेंबरात त्याचे कार्ड आले. चार पौर्णिमा झाल्या, वद्य द्वितीयेला चादरीवर विशेष काही नाही. पण कारखान्याकडून येणाऱ्या नाल्याच्या खाली सगळे दगड रिकामे आहेत, आणि नाला मिळण्याच्या वर नाहीत.